हजेरी, स्वभाव आणि भाषा : सर्वंकष नियंत्रणाचे एक देशी प्रकरण

सर्वंकष सत्तेच्या कह्यात सापडलेल्या मनुष्यस्वभावाचे पुढे काय होते, या एका प्रश्नाभोवती विसाव्या शतकात कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. टॉमस मोर याच्या १५१६ मधील 'युटोपिया'पासून चालत आलेली आदर्शलोकाची कल्पना या लेखकांनी उलटी करून अनिष्टलोक उभे केले. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'आम्ही' या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ऑल्डस हक्स्ले याच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये माणसाची प्रत जन्मापूर्वीच ठरविली जाते. जॉर्ज ऑर्वेल याच्या १९४९ मधील 'नाइन्टीन एटी-फोर' मध्ये विचार हाच गुन्हा ठरतो आणि तो अशक्य व्हावा म्हणून भाषाच छाटून लहान केली जाते. या कादंबऱ्यांचे विवेचन आपल्याकडे बहुधा रशियातील व जर्मनीतील राजवटींच्या संदर्भात होत आले आहे. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यामुळे जवळचे एक प्रकरण दृष्टीआड राहते.

'आम्ही' या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९२४ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा एकत्रित व सुधारित स्वरूपात नव्याने मंजूर झाला. ऑर्वेलची कादंबरी १९४९ च्या जून महिन्यात निघाली आणि मुंबई प्रांताने हा कायदा आपल्यापुरता रद्द केला तो त्याच वर्षी. तारखांच्या योगायोगावर इमारत उभारणे संशोधकास शोभत नाही, हे मान्य. तथापि ऑर्वेलच्या बाबतीत हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. त्याचा जन्म १९०३ मध्ये बिहारातील मोतीहारी येथे झाला. वडील अफू खात्यात नोकरीस होते. तो स्वतः १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता आणि ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचाच एक प्रांत होता. पाळत, नोंदवही, हजेरी व दाखला ही ज्या यंत्रणेची रोजची हत्यारे होती, त्याच यंत्रणेचा गणवेश या लेखकाने पाच वर्षे अंगावर वागविला होता. त्याच्या कल्पनेला यातून किती पुरवठा झाला हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. कागदावर नंतर आलेली व्यवस्था प्रत्यक्षात अगोदर अस्तित्वात होती, ती महाराष्ट्राच्या भूमीवरही होती, आणि तिच्या अनुभवाने या कादंबऱ्यांतील एका गृहीताला छेद जातो, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रदेश म्हणून यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीचा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे, त्यास कारण आहे. ढाणकी हे भोवतालच्या खेड्यांचे व तांड्यांचे बाजाराचे गाव. दक्षिणेस पैनगंगा, पलीकडे नांदेड जिल्हा, आणि त्यापुढे तेलंगणाची हद्द. बाजाराच्या दिवशी येथे वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दख्खनी उर्दू ऐकू येते. आंध व कोलाम हे याच टापूतील आदिवासी. भाषेच्या अभ्यासकाला असा सीमाप्रदेश मोठा लाभदायक असतो. पोलीस खात्याला मात्र तो कधीच आवडला नाही, कारण नदी उतरून गेलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेलेला असे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले खरे, परंतु नावाने ते निजामाचेच राहिले. १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने मिळाल्यावर पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे लागू करावयाचे ते स्वतंत्र अधिसूचनांनी. पुसद तालुका, ज्यात तेव्हा उमरखेड-ढाणकीचा टापू मोडत असे, १९०५ पर्यंत बाशीम म्हणजे वाशीम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळकडे आला. हद्दी अशा हलत असताना हलणारी माणसे कोणाच्या वहीत लिहावयाची, हा कारभाराचा खरोखरच प्रश्न होता.

ही हलणारी माणसे कोण होती? बंजाऱ्यांची 'लदेणी', म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून चालणारे तांडे, शतकानुशतके दख्खनच्या फौजांना व बाजारांना रसद पुरवीत आली होती. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला आणि थोड्याच वर्षांत बैलाची पाठ रिकामी झाली. धंदा गेला, चालण्याची सवय राहिली, आणि ज्या चालण्याला काल व्यापार म्हणत त्याला आज भटकणे म्हणू लागले. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक निबंध लिहिला. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात बंजाऱ्यांवरील प्रकरणासाठी त्याचाच मोठा आधार घेतलेला आहे. एका समाजाविषयीचे विद्वन्मान्य ज्ञान पोलीस अधिकाऱ्याच्या टिपणावर उभे राहावे, ही गोष्ट त्या काळात कोणास खटकल्याचे दिसत नाही.

दुसरे उदाहरण टाकणकरांचे. पारध्यांतील ही शाखा टाकी व हातोडी घेऊन गावोगाव फिरे आणि गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून देई. नावाची व्युत्पत्ती तीच. टाकी लावावयाची तर घरात यावे लागते, जात्याजवळ बसावे लागते. हे घरात येणेच पुढे संशयाचे कारण झाले. फासेपारधी फास लावून हरणे व तित्तिर पकडत. जंगलाचे कायदे आले तेव्हा त्यांच्या हातातील फास हीच गुन्ह्याची वस्तू ठरली. दोन्ही ठिकाणी माणूस तोच, कामही तेच. बदलले ते कामाचे नाव.

आता कायद्याकडे वळू. १८७१ चा मूळ कायदा प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती सर्व प्रांतांत वाढविण्यात आली आणि १९२४ मध्ये त्याला अखेरचे रूप मिळाले. एखादी जमात, टोळी अथवा व्यक्तींचा वर्ग गुन्हे करण्याच्या सवयीचा आहे असे प्रांतिक सरकारला वाटले की तशी अधिसूचना काढावयाची. १८७१ च्या कायद्यात तर या अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने विचारणा करू नये, असे स्पष्ट कलमच होते. अधिसूचना निघाली की त्या जमातीच्या माणसांची नोंदणी करावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे. नोंदलेल्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, मुक्काम बदलल्यास कळवावे, गाव सोडताना पास घ्यावा. त्याच्या हालचाली ठरावीक क्षेत्रापुरत्या मर्यादित करता येत, अथवा त्याला कुटुंबासह वसाहतीत ठेवता येई. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद १८९७ च्या दुरुस्तीपासून आली होती. नोंदलेला माणूस संशयास्पद परिस्थितीत आढळला, एवढ्यावरच त्याला कैद होऊ शके. त्यासाठी चोरी झालेली असण्याची गरज नव्हती.

झाम्यातिनच्या कादंबरीतील काचेच्या भिंती, तासातासाचे वेळापत्रक आणि नावाऐवजी क्रमांक यांतले कायद्यात नाही असे काय आहे? काच तेवढी नाही. पण झोपडीला दार नसेल तर काचेची आवश्यकता नसते, आणि रात्री हाक मारून 'आहे का घरात' असे विचारणारा शिपाई असला म्हणजे भिंत कशाचीही असली तरी सारखेच.

कायद्याच्या मुळाशी असलेला विचार याहून लक्षणीय आहे. सर्वंकष सत्ता मनुष्यस्वभावाला शत्रू मानते, अशी आपली सर्वसाधारण समजूत अनिष्टलोकाच्या कादंबऱ्यांवरून झालेली असते. एका बाजूस प्रेम, आठवण, जिज्ञासा यांनी युक्त असा स्वभाव. दुसऱ्या बाजूस त्याला चिरडणारी सत्ता. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने मात्र स्वभावालाच साक्षीस बोलाविले होते. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर; या देशात धंदे पिढीजात आहेत, म्हणून गुन्हाही पिढीजात असला पाहिजे, अशी मांडणी १८७१ च्या सुमारास शासनाच्या बाजूने केली गेली. येथे जातिव्यवस्थेची आपलीच भाषा सरकारने उचलली होती, आणि म्हणूनच गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना ती परकी वाटली नाही. हक्स्लेच्या कादंबरीत आल्फापासून एप्सिलॉनपर्यंतच्या माणसांच्या पाच प्रती बाटलीत तयार कराव्या लागतात. आमच्याकडे त्या खटाटोपाचे कारण नव्हते. प्रती तयारच होत्या. फक्त त्यांची यादी करावयाची होती.

परंतु याच कायद्याचे दुसरे अंग वसाहतीचे, म्हणजे सुधारणेचे होते. श्रम, शिस्त आणि शिक्षण यांनी हे लोक सुधारतील अशी त्यामागची श्रद्धा. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने १९१० च्या सुमारास विजापूर भागात या कार्यास आरंभ केला आणि पुढे हुबळी, गदग, सोलापूर इत्यादी ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. आता, गुन्हा जर रक्तात असेल तर तो शाळेने व गिरणीने जाणार नाही. आणि तो शाळेने व गिरणीने जाणार असेल तर तो रक्तात नव्हता. या दोन विधानांपैकी एकच खरे असू शकते. कायदा ऐंशी वर्षे दोन्हीच्या आधारावर उभा राहिला. नोंदणीसाठी स्वभाव अटळ मानावयाचा आणि वसाहतीसाठी तो घडविता येण्याजोगा मानावयाचा, अशी ही सोय होती. ऑर्वेलने एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टींवर विश्वास ठेवण्याच्या कसरतीला जे नाव दिले, ते नाव येथील अधिकाऱ्यांना माहीत नव्हते. कसरत मात्र त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

सोलापूरची वसाहत हे या व्यवस्थेचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित रूप. तारेच्या कुंपणात वस्ती, ठरलेल्या वेळी हजेरी, आणि दिवसा कापड गिरणीत काम. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला माणसे एका जागी हवी होती. प्रारंभीच्या काळात वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनच्या व स्टार्टच्या हेतूंविषयी अनुदार बोलण्याचे कारण नाही. शाळा निघाल्या, काही मुले शिकली, गिरणीचे वेतन रोख मिळे. पण हेतूच्या शुद्धतेने कुंपणाची तार मऊ होत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या कुटुंबांना काही काळाने तारेबाहेरच्या वस्तीत राहू देत, आणि तिला 'फ्री कॉलनी' म्हणत. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव पत्त्यांत आजही लिहिले जाते. बंदिवास, मोकळीक आणि वस्ती हे तिन्ही अर्थ एकाच स्थलनामात नांदत असल्याचे दुसरे उदाहरण मला मराठी मुलखात ठाऊक नाही.

येथून पुढचा भाग माझ्या विषयाचा असल्यामुळे त्यावर थोडे अधिक रेंगाळतो. ऑर्वेलच्या कादंबरीतील सत्तेचे सर्वांत मूलगामी शस्त्र म्हणजे नवी भाषा. शब्द कमी केले की विचार कमी होतील, आणि बंडाला शब्दच उरला नाही की बंडच उरणार नाही, असा तिचा सिद्धान्त. भाषा विचाराला बांधून टाकते, हे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषाशास्त्रातही प्रबळ होते. ज्यांच्यावर खरोखर रोजची पाळत होती अशा समाजांच्या भाषिक व्यवहारात काय दिसते? तेथे शब्द कमी झालेले नाहीत, वाढलेले आहेत.

महाराष्ट्रातील अनेक भटक्या जमातींत आपसात बोलावयाची एक सांकेतिक बोली असते. तिला बहुधा 'पारुशी' म्हणतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा अकरावा खंड, जो १९२२ मध्ये निघाला, अशाच बोलींचा आहे. कोल्हाटी, गारोडी, सांसी इत्यादींची नोंद त्यात सापडते. या बोलींची घडण सोपी असते. भोवतालच्या भाषेतील साध्या शब्दाचे आद्य व्यंजन बदलावयाचे, किंवा शब्दाच्या मागेपुढे एखादे अक्षर जोडावयाचे. जोडीला काही स्वतंत्र शब्दांचा साठा. व्याकरण बहुधा चालू भाषेचेच. मराठी शाळकरी मुले आईसमोर गुपित बोलण्यासाठी 'च'ची भाषा वापरतात, तिची रीत तत्त्वतः यापेक्षा वेगळी नाही. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. करपल्लवीची ती परंपरा शिष्टसंमत होती. आणि ढाणकीच्या वाचकास दूर जावयास नको: पैनगंगेपलीकडचे माहूर ज्यांना पूज्य, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपून ठेवले. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली तेव्हा आत निघाले ते लीळा, वचने आणि आद्य मराठी गद्य. बाहेरच्याने उघडू नये अशी पेटी प्रत्येक समाज बाळगतो. फरक आहे तो पेटी कोणाची यावरून तिला काय म्हणावयाचे, यात. महानुभावांची ती लिपी, व्यापाऱ्याची ती करपल्लवी, पोरांचा तो खेळ. आणि कोल्हाट्याची ती चोरांची भाषा.

सांकेतिक बोली हा गुन्हेगारी वृत्तीचा पुरावा, असे पोलिसी वाङ्मयात गृहीत धरलेले असते. माझ्या मते कार्यकारणाचा क्रम येथे उलटा लावलेला आहे. जेथे परक्याचा कान सदैव दाराशी असतो तेथे अशी बोली टिकते व वाढते. पाळत कमी झाली, मुले शाळेत गेली, की तिचे शब्द झपाट्याने विसरले जातात, कारण तिचे प्रयोजन संपते. उलट, ज्या भाषा मुळात सांकेतिक नव्हत्याच, त्या तशा टिकल्या आहेत. गोरमाटी ही राजस्थानी-गुजराती कुळातील पूर्ण व स्वतंत्र बोली आहे. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे. दोहोंची नोंद ग्रियर्सनच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे १९०७ मध्येच झालेली आहे. तरीही शिपायाला न समजणारे ते सर्व 'चोरांचे', असा समज पुढेही कित्येक वर्षे कायम राहिला. सर्वेक्षणाचे नमुने जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत गोळा होत, आणि भाषांतरासाठी दिलेला ठराविक उतारा म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राची कथा. घर सोडून भटकलेला मुलगा पश्चात्ताप पावून परत येतो, ही ती कथा. भटक्यांच्या तोंडून तीच वदवून घेण्यात कोणाचा काही हेतू होता असे मुळीच नव्हे. ती सर्वच भाषांना सारखी दिलेली होती. पण तांड्यात बसून ती सांगणाऱ्याला काय वाटले असेल, याची नोंद करण्यास सर्वेक्षणात रकाना नव्हता.

बंजारा स्वतःला 'गोर' म्हणतो आणि बाहेरच्याला 'कोर'. एका व्यंजनाच्या फरकाने जग दोन भागांत वाटले जाते. राज्यकर्त्यांच्या भाषेतही जग दोनच भागांचे होते, परंतु तेथे बाहेरचे म्हणजे बंजारे. ज्याला हजेरीसाठी रोज ओळीत उभे केले जाते तो मनात त्या ओळीची दिशा उलटी करून घेतो, आणि हे उलटे करणे त्याच्या मातृभाषेत आधीपासूनच सिद्ध असते. पाळत ठेवणाऱ्याला ते कळतही नाही.

शब्द कापून लहान करण्याची खोड सत्तेच्या बाजूस दिसते. उत्तर हिंदुस्थानात १९०८ पासून मुक्तिफौजेने अशा वसाहती चालविल्या. तिचे प्रमुख फ्रेडरिक बूथ-टकर यांनी या लोकांना बरे करण्याच्या शास्त्रावर एक पुस्तिका लिहिली आणि त्या शास्त्रास 'क्रिमिनोक्युरॉलॉजी' असे नाव बनविले; ज्यांच्यावर इलाज करावयाचा त्यांना ते थोडक्यात 'क्रिम' म्हणत. ऑर्वेलच्या नव्या भाषेतील शब्द ज्या पद्धतीने बनतात, ती पद्धत येथे तीसेक वर्षे आधी, आणि तीही दयाबुद्धीने, वापरलेली दिसते. जमात मोठी, तिचा इतिहास मोठा, नाव एका अक्षरसमूहाचे. मराठीनेही हात झटकण्याचे कारण नाही. भामटा, उचल्या, बेरड हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात लबाड, चोर, निगरगट्ट या अर्थांनी वापरतो, आणि त्याच वेळी ती समाजांची नावे आहेत. जातिनाम आधी की सामान्यनाम आधी, हा व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला तरी परिणाम एकच: मुलाने शाळेत स्वतःचे नाव सांगितले की आरोप सांगितल्यासारखे होते. कायद्यातील अधिसूचना सरकार मागे घेऊ शकते. शब्दकोशातली कोण मागे घेणार?

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही आत्मकथने या दृष्टीने पुन्हा वाचावीत. तीनही ठिकाणी ज्या शब्दाने बाहेरचे जग लेखकाला किंवा त्याच्या समाजाला हिणवीत आले, तोच शब्द लेखकाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला आहे. याला विनय म्हणत नाहीत.

कादंबरीत मात्र या कायद्याची हजेरी आणली ती अण्णा भाऊ साठे यांनी. 'फकिरा' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मांग समाजावर लादलेली हजेरी हे त्या कथेतील पेचाचे एक केंद्र आहे. पाश्चात्य अनिष्टलोकांशी तिची तुलना, माझ्या समजुतीप्रमाणे, व्हावयास हवी तितकी झालेली नाही. ऑर्वेलचा नायक एकटा आहे. त्याला मित्र नाही, गाव नाही. आईची आठवण आहे ती तुटक. अखेरीस त्याच्याकडून प्रिय व्यक्तीचा विश्वासघात करविला जातो, आणि तेथे मनुष्यस्वभावाचा पराभव झाला असे आपण मानतो. फकिराला पकडता येत नाही तेव्हा सत्ता त्याच्या माणसांना धरते, आणि तो त्यांच्यासाठी स्वतः होऊन स्वाधीन होतो. सत्तेचे साधन दोन्हीकडे एकच आहे: प्रेमाच्या माणसाला ओलीस धरणे. एकीकडे त्याने माणूस मोडतो, दुसरीकडे तो मरणाला सामोरा जातो. हा केवळ दोन लेखकांच्या वृत्तीतील भेद नव्हे. युरोपीय कादंबरी मनुष्यस्वभावाचे अखेरचे ठाणे एकट्या माणसाच्या अंतःकरणात शोधते, आणि ते पडले की सर्व संपले असे तिला वाटते. ज्यांनी हजेरी प्रत्यक्ष दिली त्यांचे ठाणे कधी एकट्याचे नव्हतेच. ते गोतात होते, बोलीत होते, देवकार्यात होते, एकाने पहारा चुकविला तर दुसऱ्याने दिलेल्या खोट्या साक्षीत होते. मी आरंभी ज्या गृहीताचा उल्लेख केला ते हेच.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. अण्णा भाऊ साम्यवादी होते. १९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियात जाऊन आले आणि तेथील जीवनाचे त्यांनी आदराने वर्णन केले. ज्या देशातून झाम्यातिनला १९३१ मध्ये बाहेर पडावे लागले, आणि जेथे 'आम्ही' १९८८ पर्यंत छापली गेली नाही, तोच हा देश. ज्याला एका सत्तेची हजेरी इतकी स्पष्ट दिसली त्याला दुसरीची दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. पण रिकाम्या पोटी पाहणाऱ्यास कोणती गोष्ट आधी दिसते याचाही विचार केला पाहिजे. अधिक काही म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही.

गोताचे गुणगान करतानाही तोल सांभाळावा लागतो. ज्या जातपंचायतीने पाळतीच्या काळात माणसांना एकत्र धरले, तिनेच आतल्या स्त्रियांवर व विवाहांवर कडक पहारा ठेवला, दंड केले, वाळीत टाकले. बाहेरच्या हजेरीविरुद्ध उभी राहिलेली संस्था आत आपली स्वतंत्र हजेरी घेत होती. अनिष्टलोकाच्या कादंबऱ्यांत सत्ता एक असते आणि ती वर असते. प्रत्यक्षात माणूस दोन-तीन वह्यांत एकदम नोंदलेला असतो. पारधी स्त्रीला शिपाई आणि पंच या दोघांनाही उत्तर द्यावे लागे.

कायदा गेला त्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येतो. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये लोकनियुक्त सरकार आल्यावर क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३९ चा. पुढे अनंतशयनम् अय्यंगार समितीने देशभरची पाहणी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा सर्वत्र रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मधल्या काळातील सरकारी नाव होते 'माजी गुन्हेगार जमाती'. माजी मामलेदार म्हणावे तसे. त्याजागी 'विमुक्त' हा शब्द आला तो निश्चितच अधिक सभ्य आहे, तथापि कशापासून विमुक्त, हा प्रश्न तो शब्द प्रत्येक वेळी विचारावयास लावतो आणि उत्तर आतच ठेवून असतो. जमातीवरचा शिक्का पुसला गेला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे प्रांतोप्रांती आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. 'जन्मजात' या शब्दाची जागा 'सराईत' या शब्दाने घेतली. तत्त्वतः हा मोठा फरक आहे, कारण आता व्यक्तीने काही केलेले असावे लागते. व्यवहारात मात्र जुन्या वहीवरून नवी वही उतरविली जाण्यास फारशी अडचण आली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातिनिहाय कामवाटपाची कलमे घटनाबाह्य ठरविली, तेव्हा विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीचे गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यांत होते. बाहत्तर वर्षे ते नियमांच्या पुस्तकांत बसून होते.

ऑर्वेलच्या कादंबरीस नव्या भाषेची माहिती देणारे एक परिशिष्ट जोडलेले आहे. ते साध्या, सुबोध इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे, याकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या काळी ती भाषा संपलेली असली पाहिजे. महाराष्ट्रात विमुक्त जाती चौदा व भटक्या जमाती अठ्ठावीस अशी मूळ यादी आहे. पुढे अ, ब, क, ड असे गट पडले, आणि सर्वांचे मिळून 'विजाभज' असे एक लघुरूप कागदोपत्री रूढ झाले. या रकान्यामुळे शिष्यवृत्ती मिळते, आश्रमशाळा मिळते. म्हणून त्याला १९२४ च्या रकान्याशेजारी बसविणे अन्यायाचे होईल. पुसदजवळच्या गहुली येथील बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते, हेही याच भूमीतील सत्य आहे. परंतु नदीकाठचा हा समाज तेलंगणात अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि ढाणकीत 'विजा-अ'. त्याची मातृभाषा जनगणनेच्या तक्त्यात हिंदीखाली मोजली जाते. बाजाराच्या दिवशी ढाणकीत तांड्यातील दोघीजणी भावाची घासाघीस मराठीत करतात, आणि दुकानदाराकडे पाठ वळताच आपसात गोरमाटीत बोलू लागतात.